थरथरणारे दिवे

संध्याकाळचे साडेसहा वाजले की इचलकरंजीतल्या म्हेतरांच्या घरात दोन गोष्टी ठरलेल्या असत. आई देवापुढं निरांजन लावायची, आणि तनया कानाला हेडफोन अडकवून, पाय सोफ्यावर घेऊन, दिवे मालवायला बसायची.

“दिवेलागणीच्या वेळेला दिवे मालवायचा खेळ कुठल्या मुडद्यानं काढलाय कुणास ठाऊक,” आई रोज म्हणायची. तनया रोज ऐकून न ऐकल्यासारखं करायची. तोवर तिच्या कानात वारा सुटलेला असायचा.

खेळाचं नावही ‘दिवेलागण’च होतं. पडद्यावर एक काळाभोर ओटा, त्यावर चारशे पणत्या. अधूनमधून वारा सुटायचा आणि सगळ्या ज्योती एकदम खाली बसायला लागायच्या. मग आठ सेकंदांच्या आत काही पणत्या बोटानं मालवायच्या, म्हणजे बाकीच्या पुन्हा ताठ उभ्या राहत. कमी मालवल्या तर अख्खा ओटा अंधारायचा, जास्त मालवल्या तर गुण कापले जायचे. मालवलेली पणती जितक्या लवकर पुन्हा पेटेल तितके गुण जास्त. शाळकरी पोरालाही दोन मिनिटांत कळावा इतका सोपा खेळ, आणि वर त्याचे पैसे मिळत. खोटी नाणी नव्हेत, बँकेत जमा होणारे खरे पैसे.

तनया एकवीस वर्षांची होती. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला नाव होतं, पण कॉलेजात पाय नव्हता. बातम्या ती वाचत नसे. जगात काय चाललंय असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, माझ्या वरती पोलंडचा एक आहे, ब्राझीलच्या दोघी आहेत आणि बाकी सगळं जग माझ्या खाली आहे. यात बढाई होती, पण खोटं नव्हतं. गुणांच्या यादीत ती चौथ्या क्रमांकावर होती.

तिचं कसब कानात होतं. खेळातल्या प्रत्येक पणतीला स्वतःचा एक बारीक आवाज होता. बहुतेक पणत्या नुसत्या गुणगुणायच्या. काही मात्र थरथरायच्या. त्यांच्या आवाजात एक ठेका असायचा, बारीक आणि न थकणारा. बाकीचे खेळाडू या थरथरणाऱ्या पणत्यांना घाबरत, त्या कधी काय करतील याचा त्यांना अंदाज येत नसे. तनयाला मात्र तो ठेका घरचा वाटायचा. आणि या पणत्या मालवल्या की अर्ध्या मिनिटाच्या आत धडपडून पुन्हा पेटतात, हे तिच्याच पहिल्यांदा लक्षात आलं.

त्यातली एक पणती तिची विशेष लाडकी. ओट्याच्या डाव्या कोपऱ्यातली. तिनं तिचं नाव लाडोबा ठेवलं होतं. संध्याकाळचा वारा बहुतेक वेळा ठरलेल्या झोतांनी यायचा. मिनिटामिनिटाच्या अंतरानं तीन झोत, आणि मग तीन मिनिटांनी एक मोठा. बाकीचे प्रत्येक झोताला नवी पणती शोधत बसायचे. तनया चारही वेळा लाडोबालाच मालवायची. चारही वेळा तो बिचारा उठून बसायचा, आणि तनयाच्या खात्यात दुप्पट गुण पडायचे.

ही चाल तिनं स्वतःजवळ ठेवली नाही. ‘एकच दिवा, चार वेळा’ या नावानं तिनं व्हिडिओ टाकला, नऊ लाख लोकांनी तो बघितला. “थरथरणारा दिवा पकडा,” ती त्यात हसत हसत सांगायची, “तो कितीही वेळा मालवा, त्याला उठायची सवयच असते.”

या पैशांच्या जोरावर, हप्त्यांनी, तिच्या पप्पांच्या शेडमध्ये आठ नवे स्वयंचलित माग आले. तानाजी म्हेतर यांनी सगळं आयुष्य जुन्या मागांवर काढलं होतं. पोरीच्या खेळानं आपली शेड नवी होईल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. नव्या मागांना त्यांनी हार घातले, पेढे वाटले, आणि त्या दिवसापासून संध्याकाळी घरी कुणी पाहुणा आला तर ते दारातच हळू आवाजात सांगू लागले, “जरा दमानं बोला, आमची तनू कामात हाय.”

*

सिद्रामकाकांना कामावरून काढलं, ती गोष्ट मागच्या महिन्यातली.

सिद्रामकाका म्हेतरांकडे बावीस वर्षं मागावर होते. संध्याकाळच्या पाळीत आठही माग ते एकटे सांभाळायचे. नवे माग आले तेव्हा साठीला टेकलेला हा माणूस पंधरा दिवसांत ते चालवायला शिकला, आणि वर म्हणाला, “बटनं वाढली, बाकी आवाज त्योच हाय.” आवाजाचं वेड त्यांचंच. तनया सहासात वर्षांची असताना शाळा सुटली की शेडमध्ये जाऊन बसायची. सिद्रामकाका तिचे डोळे हातानं झाकायचे आणि विचारायचे, “सांग, आता कंच्या मागाची तार तुटनार?” तनया कान देऊन ऐकायची आणि बोट दाखवायची. बरोबर आलं की चुरमुऱ्याचा लाडू मिळायचा.

तर झालं असं, की नव्या मागांचं कापड व्यापाऱ्याकडून परत आलं. कापडभर आडव्या बारीक रेघा होत्या. माग थांबून पुन्हा सुरू झाला की त्या जागी वीण किंचित विरळ पडते आणि अशी रेघ उमटते, हे मागवाल्याच्या घरातल्या पोरालाही माहीत असतं. एखादी रेघ चालून जाते. इथं मात्र रोजच्या कापडात त्या होत्या, आणि सगळ्या संध्याकाळच्या पाळीतल्या.

पप्पांनी मागाचा पडदा उघडला. नव्या मागाला थांबण्याची दोनच कारणं कळत होती, एक तर तार तुटली किंवा कामगारानं थांबवला. तार तुटल्याची नोंद नव्हती. मग त्यानं सरळ लिहिलं होतं: कामगाराने थांबवला.

“मालक, म्या हात बी लावत न्हाई,” सिद्रामकाका म्हणाले. “आपूआप थांबत्यात. आठीच्या आठी. मी पळत जाऊन चालू करतोय, तंवर परत थांबत्यात.”

“आठ माग एकदम थांबत्यात? आणि लाईट गेली म्हणावं तर ट्यूबा चालू?”

“ट्यूबा छतावरच्या बॅटरीवर हायत की मालक.”

“हे बघ.” पप्पांनी वीज कंपनीचं पान उघडून त्यांच्या नाकासमोर धरलं. “महिन्यात लाईट किती वेळा गेली? शून्य. ही कंपनी खोटी, माग खोटा, आणि तू एकटा खरा, होय?”

तनया त्या वेळी तिथंच होती, पप्पांचा डबा द्यायला आलेली. वातावरण हलकं करावं म्हणून ती हसून म्हणाली, “काका, डुलकी लागत असंल तुम्हाला. वय झालं आता.”

सिद्रामकाकांनी तिच्याकडे एकदा बघितलं. मग खुंटीवरची पिशवी काढली आणि ते निघून गेले. पप्पांनी दुसऱ्या दिवशी एक तरणा मागवाला ठेवला, आणि तनया नेहमीसारखी साडेसहाला खेळायला बसली. त्या दिवशी लाडोबानं चांगलीच साथ दिली.

*

कापड तपासणारी शकूमावशी मुलीच्या बाळंतपणाला गेली होती. माल तर शनिवारी जायचा होता. पप्पा म्हणाले, “तनू, दोन तास बस. एवढं चार तागे बघून दे.”

तपासणीचं टेबल म्हणजे खालून दिवा लावलेली काच. तिच्यावरून कापड हळूहळू सरकतं आणि बसलेली बाई गाठ, डाग, तुटकी तार शोधते. तनया कंटाळत बसली. पहिला तागा तीन दिवसांपूर्वीचा, म्हणजे नव्या मागवाल्याच्या हातचा होता. सुरुवातीचं कापड स्वच्छ निघालं. मग उजेडात एक रेघ आली. थोड्या अंतरावर दुसरी. तेवढ्याच अंतरावर तिसरी. मग बरंच कापड स्वच्छ, आणि चौथी.

“नवा बी तसलाच दिसतोय,” मागून पप्पा वैतागून म्हणाले आणि फोन घ्यायला बाहेर गेले.

तनयानं टेप घेतली. का घेतली हे तिला सांगता आलं नसतं. पहिल्या रेघेपासून दुसरी चार इंचांवर. दुसरीपासून तिसरी चार इंचांवर. तिसरीपासून चौथी बारा इंचांवर.

तिनं पुढचं कापड ओढलं. पुन्हा चार, चार, बारा. त्यापुढं पुन्हा चार, चार, बारा.

नवे माग मिनिटाला चार इंच कापड विणतात. शेडमध्ये वाढलेल्या पोरीला हे पाठ होतं, आणि हा तागा दारालगतच्या मागाचा होता, थांबला की सगळ्यांत आधी सुरू होणाऱ्या. म्हणजे एक मिनिट, एक मिनिट, तीन मिनिटं. तिचं बोट त्या रेघांवरून फिरत होतं आणि त्या बोटाला ही लय आधीपासून माहीत होती. वाऱ्याचे तीन झोत, मग एक मोठा. एकच दिवा, चार वेळा.

“येडेपणा हाय हा,” ती स्वतःशीच मोठ्यानं म्हणाली. तिनं ताग्यावरची चिठ्ठी बघितली. माग चिठ्ठीवर तारीख आणि वेळ छापतो. मंगळवार, संध्याकाळी सहा वाजून अडतीस मिनिटांनी हे कापड विणायला सुरुवात झाली होती. तिनं फोनवर आपल्या खेळाची जुनी नोंद उघडली. मंगळवारी पहिला झोत सहा पंचेचाळीसला होता. सात मिनिटं, म्हणजे अठ्ठावीस इंच. तिनं ताग्याच्या टोकापासून टेप लावली. दोनदा लावली. पहिली रेघ अठ्ठाविसाव्या इंचावर होती.

शाबासकीचे सोनेरी अक्षरातले शब्द त्या नोंदीशेजारी अजून चमकत होते. तिनं ती नोंद बंद केली.

*

खेळात शिरताना जो करार मान्य करावा लागतो तो त्रेसष्ट पानांचा होता. तनयानं तो तेव्हा अर्ध्या सेकंदात मान्य केला होता, जगानं केला होता तसाच. आता तिनं जिन्यावर बसून तो वाचला. एकेचाळिसाव्या पानावर एक वाक्य होतं: ‘खेळाडूंचे निर्णय प्रत्यक्ष वीजजाळ्याच्या संतुलनासाठी वापरले जाऊ शकतात.’

मग ती वाचत गेली, जे इतक्या दिवसांत कधी वाचलं नव्हतं ते सगळं. देशभराच्या तारांतून वाहणारी वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. जेवढी वीज तयार होते तेवढीच वापरली गेली तर हे हेलकावे पन्नासच राहतात. वापर वाढला की ते मंदावतात, आणि पन्नासच्या फार खाली गेले की यंत्रं स्वतःला वाचवायला एकामागून एक बंद पडतात आणि अख्खी राज्यं अंधारात जातात. पूर्वी कोळशावर भागायचं. आता निम्मी वीज उन्हाची. सूर्य मावळताना ती टप्प्याटप्प्यानं कमी होते, धरणांची आणि बॅटऱ्यांची वीज टप्प्याटप्प्यानं वाढते. दोन टप्प्यांच्या मध्ये काही सेकंदांची फट पडते, तिलाच खेळात वारा म्हटलं होतं.

ती फट बुजवायची तर कुणाची तरी वीज चार सेकंद काढून घ्यावी लागते. गल्लोगल्लीच्या डीपीवर, म्हणजे जिथून आसपासच्या घरांना आणि शेडना वीज जाते त्या पेटीवर, त्यासाठी लहान स्विच बसवले होते. पण लाखो डीपींतून कुठली निवडायची? संगणक ते करत होता, पण अडनिड्या वेळी तो चुकायचा आणि माणसाची नजर सरस ठरायची. इतकी माणसं पगारावर कुठून आणणार? म्हणून कुणा हुशार डोक्यानं त्याचा खेळ केला. प्रत्येक पणती म्हणजे एक डीपी, आणि पणतीचा आवाज म्हणजे त्या डीपीवर चालणाऱ्या यंत्रांचा ठेका. पाच सेकंदांच्या आतला खंड वीज कंपनी मोजतच नव्हती, त्यामुळे कागदावर कुणाची वीज कधी गेलीच नव्हती. तनयाचं घर वेगळ्या डीपीवर होतं, तिथं तर काहीच जाणवलं नव्हतं.

आणि गुण? वीज गेल्यानं कुणाचं किती नुकसान झालं हे खेळ एकाच मापानं मोजत होता: दिवा पुन्हा पेटायला किती वेळ लागला. मोठ्या कारखान्यात वीज गेली की सगळं सुरळीत व्हायला पाऊण तास जातो, म्हणून त्याला हात लावला की गुण कापायचे. मागवाल्याला विणलेल्या कापडाच्या मीटरवर मजुरी. तो जीव तोडून पळतो आणि अर्ध्या मिनिटात सगळे माग सुरू करतो. म्हणजे त्याचं काहीच नुकसान झालं नाही, असं खेळाचं गणित होतं. जो लवकर सावरेल त्यालाच पुन्हा मालवायचं.

लाडोबा उठून बसत नव्हता. साठीला टेकलेला एक माणूस आठ मागांच्या मधून धावत होता. मिनिटामिनिटानं. तिच्या बोटासाठी. आणि ज्या कानानं तिनं त्याला चारशेंतून शोधून काढलं, तो कान त्यानंच तयार केला होता.

तिनं खेळाच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडचा यांत्रिक आवाज फार गोड होता.

“तनयाताई, तुमच्यामुळे कोट्यवधी घरांत आज दिवे आहेत. आम्हाला तुमचा अभिमान आहे.”

“कोपऱ्यातला एक दिवा माझ्या वडिलांची शेड आहे. तो काढून टाका.”

“प्रत्यक्षातला दिवा ओळखणं, ओळखण्याचा प्रयत्न करणं किंवा इतरांना त्याबद्दल सांगणं हा कराराचा भंग आहे. असं केल्यास खातं आणि त्यातली रक्कम गोठवली जाते. आणखी काही मदत हवी आहे का?”

नको, असं तनया म्हणाली.

*

सिद्रामकाकांचं घर दोन खोल्यांचं. ते दारातच बसून लसूण सोलत होते. तनयाला बघून ते उठले आणि आतून चटई आणून टाकली, जणू काही झालंच नव्हतं. त्यामुळे बोलणं आणखी अवघड झालं.

तिनं सगळं सांगितलं. अडखळत, मागंपुढं, मध्येच रडत. डीपी, पणत्या, चार इंच, बारा इंच. सिद्रामकाका लसूण सोलत राहिले. ते रागावतील, निदान दोन शब्द तरी बोलतील, याची ती वाट बघत होती.

“म्हंजी,” ते शेवटी म्हणाले, “मी झोपत नव्हतो.”

“नाही काका.”

“न्हाई, म्हंजी मला बी वाटाय लागलं हुतं. उभ्या उभ्या डोळा लागत असंल. मग माझा हातच जात असंल बटनावर आणि मला कळत नसंल. माग तर खोटं लिवनार न्हाई.” त्यांनी सोललेल्या पाकळ्या उगाच ताटात सारख्या केल्या. “म्या डागदराकडं बी जाऊन आलो डोस्कं तपासाय.”

पैसे परत देता येतात, नोकरी परत देता येते. एका माणसाचा स्वतःवरचा विश्वास तिनं सोफ्यावर बसून घालवला होता, आणि त्याचे तिला गुण मिळाले होते.

“काका, शेडवर चला. पप्पांना दाखवायचंय मला. नुसतं सांगून त्यांना पटणार नाही.”

ते लगेच निघाले नाहीत. आत गेले, तोंड धुतलं, इस्त्रीचा सदरा घातला आणि मगच पायात चपला अडकवल्या.

*

साडेसहाला शेडमध्ये आठही माग चालू होते. तिथं बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. सिद्रामकाकांना बघून पप्पांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

“ह्यांना कशाला आणलंस?”

“पाच मिनिटं थांबा पप्पा. नुसते मागाकडं बघा.”

तिनं फोन उघडला. ओटा उजळला. हेडफोन घालायची गरजच नव्हती. कानात रोज जे बारीक ऐकू यायचं तेच आज चारही भिंतींतून येत होतं. सहा सत्तेचाळीसला वारा सुटला. ज्योती खाली बसल्या. तनयानं डाव्या कोपऱ्यातल्या पणतीवर बोट ठेवलं.

आठही माग थांबले.

त्या शेडमध्ये खंडेनवमीच्या पूजेचा दिवस सोडला तर अशी शांतता कुणी ऐकली नव्हती. बाहेरच्या रस्त्यावरून गेलेली सायकल ऐकू आली. वर ट्यूबलाइट तशाच जळत होत्या. तरणा मागवाला दचकला आणि मागांकडे धावला. बटणांवर बटणं दाबत त्यानं एकेक माग सुरू केला, आणि शेवटच्या मागाच्या पडद्यावर अक्षरं उमटली: कामगाराने थांबवला.

पप्पा त्या पडद्याकडे बघत राहिले, मग पोरीच्या बोटाकडे.

“तू?” ते म्हणाले.

“मी. रोज. दहा महिने.” तिनं ओरडून सांगितलं, मागांच्या आवाजात दुसरा मार्गच नव्हता. “ह्याचेच पैसे मिळत होते पप्पा. हे माग त्याच पैशांचे.”

पप्पांनी आठही मागांवरून नजर फिरवली. ते काय म्हणतील याची तनयाला कल्पना नव्हती. मारतील, असंही तिला क्षणभर वाटलं. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी तोंड आणलं.

“मग आपला सोड की. दुसरा मालव.”

ते हे दुष्टपणानं म्हणाले नव्हते, आणि तोच मोठा धक्का होता. ते अगदी समजूतदारपणे म्हणाले, व्यवहारातली साधी गोष्ट सांगावी तसं. तनयाला कळलं की तासाभरापूर्वी तिनंही मदतकेंद्राला हेच सांगितलं होतं. आमचा तेवढा काढून टाका.

सिद्रामकाका जवळ आले होते. त्यांना ऐकू गेलं होतं.

“दुसरा म्हंजी कुनाचा, मालक?” त्यांनी विचारलं.

तेवढ्यात दुसरा झोत आला. पडद्यावर ज्योती बसू लागल्या, आठ सेकंद उलटे मोजले जाऊ लागले. चारशे पणत्या, आणि प्रत्येकीच्या खाली आता तिला कुणीतरी उभं दिसत होतं. तिनं फोन कापडाच्या गठ्ठ्यावर पालथा ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागं घेतले.

आठही माग थांबले.

तनयाला आधी वाटलं, चुकून बोट लागलं. पण हात पाठीमागं होते. तरणा मागवाला पुन्हा धावला. या वेळी सिद्रामकाकाही धावले; पायांना सवय होती. दोघांनी मिळून माग सुरू केले, धापा टाकत मागं वळले, आणि बरोबर एका मिनिटानं तिसऱ्यांदा सगळं थांबलं.

एकच दिवा, चार वेळा. ही तिचीच चाल होती; पणती तीच, पण ओटा आणि बोट दुसऱ्याचं. पोलंडचं, ब्राझीलचं, किंवा पलीकडच्या गल्लीतलं. नऊ लाख लोकांना तिनं थरथरणारा दिवा ओळखायला शिकवलं होतं. मालेगावात, भिवंडीत, सोलापुरात, जिथं जिथं माग आहेत तिथं या घटकेला कुणीतरी धावत होतं, आणि त्याच्या पडद्यावर त्याचं नाव खराब होत होतं. आपण खेळणं सोडलं की संपलं, असं ती समजत होती.

माग पुन्हा सुरू झाले. चौथ्या झोताला तीन मिनिटं होती.

तनयानं फोन उचलला, खेळ बंद केला आणि कॅमेरा सुरू केला. त्या ताग्याचं टोक तिनं हातात धरलं आणि ट्यूबच्या उजेडात रेघा दिसतील असं ताणलं. ती बोलायला लागली, पण मागांच्या आवाजात तिचं तिलाच ऐकू येईना. ती आणखी जोरात बोलली. घसा बसला, तरी शब्द मागांच्या वर जाईनात.

“काय करायलीस?” पप्पा ओरडले.

“त्यांना सांगायलेय! सगळ्यांना! खातं जाईल पप्पा, पैसे जातील. मागाचे हप्ते—”

तिनं वाक्य पुरं केलं नाही. पप्पांना ते पुरं करून सांगायची गरज नव्हती. त्यांची नजर सिद्रामकाकांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर गेली, धावून धावून तो पाठीला चिकटला होता. बावीस वर्षांत त्यांनी या माणसाला धावताना कधी नीट बघितलंच नव्हतं, कारण संध्याकाळी ते शेडवर नसायचेच.

ते पहिल्या मागाजवळ गेले आणि त्यांनी तो बंद केला. मग दुसरा. मग तिसरा. ज्या माणसानं सख्ख्या भावाच्या लग्नातही एक माग थांबू दिला नव्हता, तो स्वतःच्या हातानं एकेक बटण दाबत चालला होता. आठवा माग थांबला तसे सिद्रामकाका सवयीनं पुढं झाले. पप्पांनी त्यांचा हात धरला.

“राहू दे, सिद्राम. चालू करू नकोस.” मग खाली बघत म्हणाले, “माझं चुकलं.”

त्यांनी ऑफिसातली स्वतःची खुर्ची आणून सिद्रामकाकांसमोर ठेवली. सिद्रामकाका बसले नाहीत, पण त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात मात्र ठेवला.

शेडमध्ये आता काहीही वाजत नव्हतं. तनयानं कॅमेरा पुन्हा सुरू केला. तिचा आवाज बसला होता, तरी स्वच्छ ऐकू येत होता.

“नमस्कार. मी तनया म्हेतर. थरथरणारा दिवा कसा पकडायचा ते मी तुम्हाला शिकवलं होतं. तो का थरथरतो ते मला तेव्हा माहीत नव्हतं. ह्या रेघा बघा. ही माझी सगळ्यात चांगली खेळी आहे. आणि ज्यांना मी रोज चारदा मालवलं, त्यांचं नाव सिद्राम आहे.”

तिनं कॅमेरा त्यांच्याकडे वळवला. सिद्रामकाकांनी घाईघाईनं सदऱ्याचं वरचं बटण लावलं.